मेंदूच्या आजारानंतरचे फेफरे : कारणे, उपचार आणि समाजाचे कर्तव्य

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत वसलेला मावळ तालुका हा इंद्रायणी, पवना आणि आंद्रा या नद्यांच्या खोऱ्यांचा प्रदेश आहे. अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या त्याच्या जुन्या विभागांत आजही भातखाचरांची शेती चालते. लोणावळा व खंडाळा ही थंड हवेची ठिकाणे पर्यटकांनी गजबजलेली असतात, तर तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणारा मोठा कामगारवर्ग आहे. मुंबई-पुणे लोहमार्ग, जुना महामार्ग आणि २००२ मध्ये पूर्णत्वास गेलेला द्रुतगती मार्ग असे तीन मोठे मार्ग या एकाच तालुक्यातून बोरघाटाकडे जातात. शेती, कारखाना आणि रस्ता या तिन्हींचा संबंध आरोग्याच्या एका प्रश्नाशी येतो, आणि त्याविषयी समाजात पुरेशी माहिती अद्याप पोहोचलेली नाही. मेंदूला इजा किंवा आजार झाल्यानंतर जडणारा फेफऱ्यांचा विकार हा तो प्रश्न होय.

फेफरे, मिरगी, आकडी, फिट अशी अनेक नावे लोकांच्या तोंडी आहेत. आयुर्वेदात या विकारास अपस्मार म्हटले आहे. स्मृतीचा लोप होणे हा त्या शब्दाचा अर्थ असून चरकसंहितेत त्याचे स्वतंत्र विवेचन आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. मुंबईतील पारशी समाजात झालेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर हजारी ४.७ व्यक्तींना हा विकार असल्याचे दिसून आले होते. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्रित विचार करता हे प्रमाण दर हजारी पाचच्या आसपास येते. २०११ च्या जनगणनेनुसार मावळ तालुक्याची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या घरात होती. हे प्रमाण तिला लावून पाहिले तर एकट्या या तालुक्यात अठराशेच्या वर व्यक्ती अपस्माराने पीडित असाव्यात, असा ढोबळ हिशेब निघतो. एखाद्या मध्यम आकाराच्या गावाएवढी ही संख्या आहे.

फेफरे म्हणजे काय ?

मेंदूतील कोट्यवधी पेशी एकमेकींशी अत्यंत सौम्य अशा विद्युत्-रासायनिक संकेतांच्या साहाय्याने संपर्क ठेवतात. काही रसायने पेशीला उत्तेजित करतात, तर काही तिला आवरून धरतात. या दोहोंचा तोल असतो तोवर विचार, हालचाल, बोलणे, पाहणे ही सारी कामे सुरळीत चालतात. हा तोल एखाद्या भागात बिघडला की तेथील असंख्य पेशी एकाच वेळी आणि बेसुमारपणे संकेत सोडू लागतात. इंग्लंडमधील मज्जातंतुतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८७० च्या दशकात फेफऱ्याची ही उपपत्ती मांडली. पुढे जर्मनीतील हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख काढून १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि ही गोष्ट प्रत्यक्ष पाहता येऊ लागली. आज रुग्णालयांत काढला जाणारा ईईजी म्हणजे हाच आलेख होय.

बिघाड मेंदूच्या कोणत्या भागात झाला यावर फेफऱ्याचे रूप अवलंबून असते. तो दोन्ही बाजूंस पसरला की माणूस बेशुद्ध होऊन कोसळतो, हातपाय ताठ होतात व नंतर झटके देऊ लागतात, तोंडास फेस येतो, कधी जीभ चावली जाते व कपड्यांत लघवी होते. हे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु बिघाड एकाच भागापुरता राहिला तर केवळ एक हात किंवा गालाची एक बाजू फडफडते, किंवा माणूस काही क्षण शून्यात पाहत राहतो, ओठ चाटतो, कपड्यांशी चाळा करतो व नंतर त्याला त्यातील काही आठवत नाही. असा माणूस पडत नाही, म्हणून त्याला फेफरे आले आहे हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. तो वेडसर झाला आहे किंवा त्याला बाहेरची बाधा झाली आहे, असा समज करून घेतला जातो आणि उपचाराविना वर्षे निघून जातात. मेंदूच्या आजारानंतर जडणाऱ्या अपस्मारात एकाच भागातून सुरू होणारे फेफरे विशेष आढळते, म्हणून त्याची ओळख असणे अगत्याचे आहे.

जन्मजात आणि नंतर जडलेला

अपस्मार हा आनुवंशिकच असतो, हा समज सर्वत्र रूढ आहे. काही प्रकारांत आनुवंशिकतेचा वाटा असतो हे खरे. परंतु पुष्कळ रुग्णांचा मेंदू जन्मतः निरोगी असतो आणि पुढे आयुष्यात झालेल्या एखाद्या आघातामुळे किंवा आजारामुळे त्यांना फेफरे येऊ लागते. डोक्याला झालेली गंभीर दुखापत, पक्षाघात, मेंदूज्वर, मेंदूच्या आवरणाचा क्षय, मेंदूतील क्षयाची गाठ, पट्टकृमीच्या अळीमुळे होणारी मेंदूतील गाठ, हिवतापाचा मेंदूवर होणारा परिणाम आणि मेंदूतील अर्बुद ही त्याची प्रमुख कारणे होत. जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडणे हेही एक महत्त्वाचे कारण आहे. यांपैकी कित्येक गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे.

येथे एक भेद समजून घेणे जरूर आहे. आघात किंवा आजार झाल्यापासून साधारण पहिल्या सात दिवसांत येणारे फेफरे हे त्या ताज्या इजेचे लक्षण असते. सूज उतरली, ताप गेला, रक्तातील साखर किंवा क्षार पूर्ववत झाले की ते बहुधा थांबते. दारूचे व्यसन एकाएकी सुटल्यावर येणारी आकडी, साखर फार कमी झाल्यामुळे येणारी आकडी किंवा गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारी आकडी यांचीही गणना अशाच तात्कालिक प्रकारांत होते. अशा एखाद्या प्रसंगावरून त्या व्यक्तीस अपस्मार आहे असे म्हणता येत नाही. याउलट, मूळ दुखणे बरे होऊन काही महिने किंवा वर्षे लोटल्यावर कोणत्याही तात्कालिक कारणावाचून फेफरे आले, तर मेंदूत कायमचा बदल झाला असल्याची ती खूण असते. एरवी विनाकारण आलेली दोन फेफरी हे अपस्माराच्या निदानाचे गमक मानले जाई. आंतरराष्ट्रीय अपस्मार-विरोधी संघटनेने २०१४ मध्ये या व्याख्येत भर घातली. मेंदूत इजेची स्पष्ट खूण असून फेफरे पुन्हा येण्याचा संभव फार मोठा असेल, तर एकाच फेफऱ्यानंतरही अपस्माराचे निदान करून उपचार सुरू करता येतात.

मधल्या काळात मेंदूत काय घडते ? इजा झालेल्या जागी व्रण तयार होतो. काही पेशी मरतात, उरलेल्या पेशी नवे धागे फोडून आपापसांत वेगळ्याच जोडण्या करतात. संकेत आवरणाऱ्या पेशी कमी झाल्या की उत्तेजनाचे पारडे जड होते. रक्तस्राव झालेला असल्यास रक्तातील लोहाचे कण मागे राहून आसपासच्या पेशींना सतत डिवचत राहतात. ही प्रक्रिया हळूहळू चालते. एखाद्या तरुणाची दुचाकी पावसाळ्यात घाटातील वळणावर घसरली, डोक्यास मोठा मार बसला, महिन्याभरात तो हिंडू-फिरू लागला आणि पुढल्या वर्षी शेतात काम करताना त्याला पहिले फेफरे आले, असे समजू. घरची मंडळी अपघात विसरून गेलेली असतात. नव्या घराची वास्तुशांत राहिली किंवा कोणाची नजर लागली, असे काहीतरी कारण शोधले जाते. वास्तविक त्याचे मूळ त्या जुन्या जखमेत असते. म्हणून डॉक्टरांना रोगाचा इतिहास सांगताना दोन-चार किंवा दहा वर्षांपूर्वीचे अपघात व आजारही आवर्जून सांगावेत.

डोक्याची दुखापत आणि रस्ता

अमेरिकेत दीर्घ काळ चाललेल्या व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोक्याच्या दुखापतीनंतर तीस वर्षांत अपस्मार जडण्याचे प्रमाण तपासण्यात आले. सौम्य दुखापतीनंतर ते शेकडा २ च्या आसपास, मध्यम दुखापतीनंतर शेकडा ४ च्या आसपास आणि गंभीर दुखापतीनंतर शेकडा १७ च्या जवळपास आढळले. मेंदूत रक्तस्राव होणे, कवटीचे हाड आत दबणे आणि दीर्घकाळ बेशुद्धी राहणे या गोष्टींनी धोका वाढतो.

दुखापतीनंतर काही दिवस फेफरे-प्रतिबंधक औषध दिले जाते. त्यामुळे पहिल्या आठवड्यातील फेफरे टळते, परंतु पुढे जडणारा अपस्मार टळत नाही, असे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या चाचणीत सिद्ध झाले. मेंदूला एकदा इजा झाल्यावर अपस्मार होऊच नये यासाठी खात्रीचे औषध आजही उपलब्ध नाही. तेव्हा इजा टाळणे हाच खरा प्रतिबंध ठरतो.

मावळसारख्या महामार्गांच्या तालुक्यात या गोष्टीला विशेष अर्थ आहे. द्रुतगती मार्गावर २०१६ या वर्षी अपघातांत १५१ व्यक्तींना प्राण गमवावे लागले आणि त्याच वर्षापासून या मार्गावर मृत्यू शून्यावर आणण्याचा विशेष उपक्रम हाती घेण्यात आला. मृत्यूंची मोजदाद होते. परंतु अपघातातून वाचलेल्या आणि डोक्याला इजा झालेल्या व्यक्तींपैकी किती जणांना पुढे फेफरे येऊ लागते, हे सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. मोटार वाहन कायद्याने दुचाकीस्वारास शिरस्त्राण बंधनकारक केले आहे. ते केवळ महामार्गापुरते नाही. कामशेतहून नाणे मावळात किंवा वडगावहून आंदर मावळात जाणाऱ्या गावरस्त्यावर पडलेल्या माणसाचे डोकेही तितकेच नाजूक असते. मोटारीतील पट्टा, ट्रकच्या टपावरून किंवा टेम्पोच्या मागील फळीवर बसून प्रवास न करणे, दारू पिऊन वाहन न चालविणे हे नियम अपस्मार-प्रतिबंधाचेही नियम आहेत.

पक्षाघात, मेंदूज्वर आणि क्षय

उतारवयात प्रथमच फेफरे येण्याचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात हे आहे. मेंदूची रक्तवाहिनी बंद झाल्याने किंवा फुटल्याने जो भाग निकामी होतो, त्याच्या कडेच्या पेशी पुढे फेफऱ्याचे केंद्र बनतात. रक्तस्रावाचा पक्षाघात आणि मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचलेला पक्षाघात यांत हा धोका अधिक असतो. फेफरे येऊन गेल्यावर काही तास हातापायात शक्ती नसणे ही तात्पुरती अवस्था असू शकते. तो पक्षाघाताचा नवा झटका आहे की फेफऱ्याचा परिणाम, हे रुग्णालयातच ठरते. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे हा येथील प्रतिबंध होय. बाळंतपणानंतर काही स्त्रियांच्या मेंदूतील नीलांमध्ये रक्ताची गुठळी होते. तीव्र डोकेदुखी आणि आकडी ही तिची लक्षणे असतात. बाळंतिणीस आकडी आली तर तिला विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

मेंदूज्वर हे लहान मुलांमधील महत्त्वाचे कारण आहे. या क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुणे येथे १९५२ मध्ये स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. नागपूरजवळील चांदीपुरा या गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेला विषाणू १९६५ मध्ये याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी वेगळा केला. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात बालकांमध्ये मेंदूज्वराचा जो उद्रेक झाला, त्याच्याशी या विषाणूचा संबंध आढळला. मेंदूज्वराच्या ऐन भरात आकडी आलेल्या रुग्णांपैकी शेकडा सुमारे २२ जणांना पुढील वीस वर्षांत अपस्मार जडतो, तर त्या वेळी आकडी न आलेल्यांत हे प्रमाण शेकडा १० च्या आसपास राहते, असे एका जुन्या आणि मान्यवर अभ्यासाचे निष्कर्ष आहेत. म्हणून मेंदूज्वरातून उठलेल्या मुलाची तपासणी पुढेही नियमित करावी. गोवर आणि इतर लसी वेळेवर टोचून घेतल्याने मेंदूवरचे काही संकट टळते.

क्षयरोग केवळ फुप्फुसांचा असतो असे नव्हे. तो मेंदूच्या आवरणास सूज आणतो किंवा मेंदूत गाठी निर्माण करतो. अनेक दिवसांचा ताप, डोकेदुखी, उलट्या आणि त्यासोबत फेफरे असल्यास क्षयाची शंका घ्यावी लागते. क्षयावरील रिफाम्पिसीन व आयसोनियाझिड ही औषधे फेफऱ्याच्या काही औषधांचा परिणाम कमी-अधिक करतात. दोन्ही विकारांवर दोन वेगळ्या ठिकाणी उपचार घेणाऱ्या रुग्णाने सर्व गोळ्यांची पाकिटे प्रत्येक डॉक्टरांना दाखविलीच पाहिजेत.

पट्टकृमीची अळी

भारतात अपस्माराचे एक मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण म्हणजे डुकरांमधील पट्टकृमी होय. त्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. डुकराचे मांस खाणाऱ्यांनाच हा आजार होतो आणि शाकाहारी माणसास त्याची भीती नाही, असे मानले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. अळ्या असलेले कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मांस खाल्ले तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्या माणसाच्या शौचातून कृमीची हजारो अंडी बाहेर पडतात. ही अंडी घाणेरडे पाणी, न धुतलेले हात किंवा मैलापाण्यावर पिकविलेली भाजी यांच्याद्वारे दुसऱ्याच्या पोटात गेली, की त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूत पोहोचतात व तेथे गाठी धरतात. कट्टर शाकाहारी कुटुंबातील मुलालाही ती अंडी कोशिंबिरीतून मिळू शकतात. जेथे हा कृमी मोठ्या प्रमाणावर आढळतो, तेथील अपस्माराच्या रुग्णांपैकी शेकडा ३० रुग्णांत तो कारणीभूत असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

ही गाठ सीटी किंवा एमआरआय तपासणीत दिसते. एकच लहान गाठ असल्यास ती पुष्कळदा काही महिन्यांत विरते आणि अशा रुग्णांना औषधही तुलनेने कमी काळ घ्यावे लागते. मात्र जंताचे औषध परस्पर दुकानातून आणून घेऊ नये. मेंदूतील अळी मरताना भोवती सूज येते व फेफरे वाढू शकते. म्हणून ते औषध सूज उतरविणाऱ्या औषधासोबत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. शौचालयाचा वापर, जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुणे, पालेभाज्या वाहत्या स्वच्छ पाण्यात धुणे आणि डुकरांना मोकाट न सोडणे, एवढ्या उपायांनी या कृमीचे चक्र तोडता येते. ग्रामपंचायत व नगरपरिषद यांच्या स्वच्छतेच्या कामाचा मेंदूच्या आरोग्याशी असा थेट संबंध आहे.

उपचार

फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून, तर फेनिटॉइन १९३८ पासून अपस्मारावर वापरात आहे. त्यानंतर कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम अशी अनेक औषधे आली. योग्य औषध नियमित घेतल्यास शेकडा ७० पर्यंत रुग्ण फेफऱ्यापासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेंदूत व्रण असलेल्या रुग्णांना काही वेळा अधिक काळ औषध घ्यावे लागते. दोन औषधे योग्य प्रमाणात देऊनही फेफरे थांबले नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार करण्यासाठी मोठ्या केंद्राकडे जाणे इष्ट असते.

उपचार फसण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे औषध मध्येच बंद करणे. सहा महिने फेफरे आले नाही, आता बरे वाटते, असे म्हणून गोळ्या थांबविल्या जातात. गोळी व्रण पुसून टाकीत नाही. ती पेशींना आवरून धरते. एकाएकी गोळी बंद केल्यास एकामागून एक फेफरी येऊन जिवावर बेतू शकते. औषध कमी करावयाचे ते साधारण दोन किंवा अधिक वर्षे फेफऱ्याविना गेल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि हळूहळू. मावळात आषाढ-श्रावणात अतिवृष्टीने वाड्यांचे रस्ते बंद पडतात; त्यामुळे पावसाळ्यापूर्वीच किमान महिना-दीड महिन्याच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्यात. नवी गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले तर ताबडतोब डॉक्टरांस दाखवावे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते. व्हॅल्प्रोएट या औषधाने गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका वाढतो, म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रियांसाठी शक्यतो दुसरे औषध निवडले जाते. परंतु दिवस राहिले असे कळताच घाबरून गोळ्या सोडणे हे आई आणि गर्भ या दोघांनाही अधिक घातक असते. गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांशी बोलून औषध ठरवावे व फोलिक अॅसिडच्या गोळ्या सुरू कराव्यात.

लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. या परिसरात योगाविषयी आदर असणे स्वाभाविक आहे. योगसाधनेने मन शांत राहते व झोप सुधारते, हा लाभ अपस्माराच्या रुग्णासही होऊ शकतो. तथापि योग हा गोळ्यांना पर्याय नव्हे. जोरजोराने व जलद श्वास घेण्याने काही रुग्णांत फेफरे उद्भवते. ईईजी काढताना याच कारणास्तव रुग्णास तसा श्वास घ्यावयास सांगतात. तेव्हा भस्त्रिका, कपालभाती यांसारख्या क्रिया वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नयेत.

मावळातील रुग्णांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र ही पहिली पायरी होय. अधिक तपासणीसाठी तळेगाव दाभाडे येथे १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय व पुण्याचे ससून रुग्णालय रेल्वेने गाठता येते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची माहितीही रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून घ्यावी.

फेफरे आल्यास काय करावे ?

जवळच्या माणसाने प्रथम शांत राहून घड्याळात वेळ पाहावी. रुग्णाभोवतालचे दगड, विळा, कोयता, विस्तव दूर करावेत. डोक्याखाली टॉवेल किंवा घोंगडी द्यावी, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि त्याला एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर पडून श्वास मोकळा राहील. दातांमध्ये चमचा किंवा बोट घालू नये. दात तुटतात आणि श्वास कोंडतो. हातपाय दाबून धरू नयेत. पाणी पाजू नये. कांदा किंवा चप्पल हुंगविणे, हातात लोखंड वा किल्ल्या देणे यांचा काहीही उपयोग नाही. बहुतेक फेफरी दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. त्याच वेळी चप्पल नाकाशी धरलेली असते, म्हणून तिनेच गुण आला असे वाटते. फेफरे पाच मिनिटांहून अधिक चालले, लागोपाठ आले, पाण्यात आले, डोक्यास मार लागला किंवा रुग्ण गरोदर असेल, तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. आयुष्यात प्रथमच फेफरे आलेल्या प्रत्येकाची तपासणी झालीच पाहिजे. शक्य असल्यास भ्रमणध्वनीवर फेफऱ्याचे चित्रण करून ठेवावे. डॉक्टरांना निदानासाठी त्याची फार मदत होते.

दैनंदिन जीवन आणि समाज

अपुरी झोप, चुकलेली गोळी, दारू आणि ताप ही फेफऱ्यास निमंत्रण देणारी चार सर्वसाधारण कारणे आहेत. कारखान्यातील कामगारास रात्रपाळीतून सूट मिळाली तर त्याचे काम व आरोग्य दोन्ही टिकते. विहिरीवर, नदीवर किंवा धरणात अशा व्यक्तीने एकट्याने उतरू नये. भातलावणीच्या वेळी चिखलपाण्यात सोबतीस माणूस असावे. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीसाठी चूल उंच ओट्यावर घ्यावी आणि भोवती आडोसा करावा. लोहगड, राजमाची किंवा तुंगच्या कड्याशी जाणे तिने अथवा त्याने टाळावे. वाहन चालविण्याच्या परवान्यासाठी भरावयाच्या स्वयंघोषणेत अपस्माराचा स्पष्ट प्रश्न असतो. त्याचे उत्तर खरेच दिले पाहिजे. ज्याचा उदरनिर्वाह ट्रक किंवा रिक्षावर चालतो त्याला हे कठीण जाते. परंतु घाटात चाकावर बसलेल्या माणसास फेफरे आले तर त्याच्यासोबत इतरांचेही प्राण जातात. त्याला दुसरे काम मिळवून देण्याची जबाबदारी मालक आणि गाव या दोघांनी घ्यावयास हवी.

या मर्यादा सोडल्यास अपस्मार असलेली व्यक्ती शिक्षण, नोकरी, विवाह, अपत्यप्राप्ती या साऱ्यांस पात्र असते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारे फेफरे हा विवाहास अडथळा ठरविण्यात आला होता. १९९९ मध्ये कायद्यात पुन्हा दुरुस्ती होऊन अपस्माराचा हा उल्लेख काढून टाकण्यात आला. हा बदल घडून येण्यात अपस्मार-पीडितांसाठी झटणाऱ्या संस्था व डॉक्टरांचे परिश्रम होते. मुंबईचे डॉ. एडी भरुचा व बंगळूरचे डॉ. के. एस. मणी यांच्या पुढाकाराने भारतीय अपस्मार संघटना १९७० मध्ये स्थापन झाली. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेला 'संवेदना' हा गट रुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांना एकत्र आणून आधार देतो. स्वतः या विकाराचा अनुभव घेतलेल्या व्यक्तीने असे काम उभारले, हे विशेष महत्त्वाचे आहे. लग्न ठरविताना आजार लपवू नये, कारण लपविलेल्या आजारात पहिल्या दिवसापासून गोळ्या चुकतात आणि तेथूनच संकटास आरंभ होतो. सासरच्या मंडळींनीही गोळी घेणाऱ्या सुनेकडे मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याकडे पाहावे त्याच दृष्टीने पाहावे.

जागतिक आरोग्य सभेने २०२२ मध्ये अपस्मार व मज्जासंस्थेच्या इतर विकारांसाठी २०३१ पर्यंतची कृती योजना मंजूर केली आहे. तिचे यश शेवटी गावागावांतील साध्या गोष्टींवर ठरावयाचे आहे. आशा कार्यकर्तीने घरोघरी फिरताना फेफऱ्याविषयी विचारणा करावी. शिक्षकाने वर्गात शून्यात पाहत राहणाऱ्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वी त्याच्या पालकांना भेटावे. भारतात दरवर्षी १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन पाळला जातो. त्या दिवशी मावळातील प्रत्येक शाळेत व ग्रामसभेत, फेफरे आलेल्या माणसास कुशीवर कसे वळवावे याचे प्रात्यक्षिक करून दाखविले, तर ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना तो लपविण्याची गरज हळूहळू उरणार नाही.